वाईच्या वाड्यातलं सिंगर: घ्यावं की न घ्यावं

गेल्या जानेवारीत साताऱ्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, वाईला एका वाड्यात जुनं सिंगर आहे, पायाचं. शंभर वर्षांवरचं आहे म्हणतात. अठरा हजार सांगताहेत. घेऊ का?"

मी पुण्यात सव्वीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कितीतरी बायकांनी विचारला आहे, आणि घाईत दिलेली माझी उत्तरं दोन-तीनदा चुकलीही आहेत. म्हणून या वेळी मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. उलट तिलाच विचारलं, "तू शिवणार काय आहेस?"

तिचा बेत साधा होता. घरबसल्या ब्लाउज, परकर, लहान मुलींचे फ्रॉक आणि फॉल-पिको. भिशीचे पंधरा हजार हातात होते. म्हणजे सांगितलेली किंमत तिच्या ऐपतीच्या बाहेरचीच होती, तरी ती विचारत होती. अशा वेळी माणूस मशिनच्या प्रेमात पडलेला असतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. काळं चकचकीत अंग, त्यावरची सोनेरी वेलबुट्टी, खाली बिडाचं जाळीदार स्टँड. मीही पडले असते.

पिकोचा मुद्दा मी फोनवरच सांगून टाकला. पिकोला झिगझॅग लागते. जुनी काळी मशिनं फक्त सरळ टीप मारतात, मग ती सिंगर असो नाहीतर दुसरी कुठली. सुई जागच्या जागी खाली-वर होते, डावी-उजवीकडे सरकतच नाही. तेव्हा हे मशीन घेतलं तर पिको बाहेर द्यावा लागणार. फॉलला काही अडचण नाही. भाची क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "पण ब्लाउजला सरळ टीपच लागते ना?" लागते. ब्लाउजचं जवळजवळ सगळं काम सरळ टिपेचं. म्हणून विषय तिथेच न संपवता मी रविवारी एसटीने वाई गाठली.

पहिली भेट

वाडा गणपती आळीपासून जवळच. मशीन माडीवर खिडकीपाशी, वर जुन्या लुगड्याचं फडकं टाकलेलं. मालक आजोबा निवृत्त शिक्षक, वय पंच्याऐंशीच्या पुढे. मशीन त्यांच्या पत्नीचं. गावातल्या शाळकरी पोरांचे गणवेश त्यांनी याच मशिनवर शिवले होते. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, आणि मशीन त्याच्याही आधी दहा वर्षं बंद पडलेलं. "खालचा धागा गोळा व्हायला लागला, मग तिनं नादच सोडला," आजोबा म्हणाले.

मी आधी नंबर बघितला. सिंगरचा नंबर उजव्या हाताला, खांबाच्या पायथ्याशी, सपाट पाट्यावर ठोकलेला असतो. त्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली तसं 'वाय' हे अक्षर आणि पुढे सात आकडे दिसले. वाय म्हणजे स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा कारखाना, आणि काळ साधारण १९२० नंतरचा ते १९३५पर्यंतचा. म्हणजे मशीन शंभरीच्या आसपास असेल किंवा नव्वदीतही असेल. "शंभर वर्षांवरचं" ही घरातली सांगोवांगी. भाचीचा चेहरा थोडा पडला. तिला म्हटलं, टीप वयावर ठरत नाही.

आयझॅक सिंगरने पेटंट घेतलं १८५१ साली. क्लाइडबँकच्या किलबोई भागातला कारखाना १८८५ला सुरू झाला आणि १९८०ला बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही सिंगर आहे. या कंपनीने हप्त्याने मशिनं विकायची पद्धत एकोणिसाव्या शतकातच रुळवली होती, आणि आपल्याकडे तिचा पसारा मुंबईहून चाले. म्हणून एवढं महाग परदेशी यंत्र वाईसारख्या गावातल्या माडीवर सापडतं, आणि त्यात नवल वाटण्याजोगं काही नाही. त्याच कारणाने ते दुर्मीळही नाही. ही मशिनं लाखांनी तयार झाली, आणि बिडाची असल्यामुळे बरीचशी टिकली. जुनं आहे म्हणून मोलाचं आहे, हे सिंगरच्या बाबतीत सहसा खरं नसतं.

नंबरानंतर मशिनची जात बघितली. जुनं मशीन घेताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, असं मी म्हणेन. धाग्याच्या ताणाची चकती डाव्या टोकाच्या पत्र्यावर आहे का? खाली डावीकडची पट्टी सरकवली की खालच्या धाग्याची गोल बॉबीन असलेली डबी दिसते का? दोन्हीला हो असेल तर ते पंधरा नंबरच्या जातीचं. आपल्याकडची काळी देशी मशिनं याच जातीच्या नमुन्यावर बनत आली. त्यामुळे सुई, बॉबीन, पट्टा, असं बरंचसं सामान कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं. त्याऐवजी आत होडीसारखं लांबट शटल आणि काडीसारखी बारीक बॉबीन दिसली, तर मशीन कितीही देखणं असो, रोजच्या कामासाठी घेऊ नये. ते शटल हरवलं किंवा त्याचं टोक झिजलं तर दुसरं शोधताना जीव जातो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं असं मशीन शटलपायी आठ महिने पडून होतं. तेव्हा तिला "घे" म्हणणारी मीच होते.

वाईचं मशीन पंधराच्या जातीचं निघालं. इथे मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

मग चाक फिरवून बघितलं. अर्धा फेरा नीट गेलं आणि चिखलात रुतावं तसं जड झालं. हे दिसलं की लोक घाबरतात. खरं तर जड मशीन म्हणजे खराब मशीन नव्हे. मी मशिनचं डोकं मागे कलतं करून तळ बघितला. सांध्यासांध्यांत मधासारख्या रंगाचा चिकट थर, काही ठिकाणी पार कडक झालेला. वास घेतला. खोबरेल.

आमच्या भागात ही गोष्ट घरोघरी होते. मशिनचं तेल संपलं की बाईचा हात डोक्याच्या तेलाकडे जातो. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, आणि थंडीत वाईला पहाटे पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. वर ते वर्षानुवर्षं सुकत जातं आणि लाखेसारखं कडक होतं. धातू मात्र त्याच्या खाली जशाचा तसा राहतो. तळाला गंज जवळजवळ नव्हता. पुराच्या गाळाची रेघही नव्हती. ती मी मुद्दाम शोधते. २०१९च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे घरंच्या घरं पाण्यात होती, तेव्हा त्या बाजूचं मशीन दाखवलं तर वरचा रंग नंतर, तळ आधी बघावा.

रंग मूळचाच होता. नव्याने रंगवलेल्या मशिनमध्ये स्क्रूच्या खाचांतही रंग भरलेला दिसतो आणि सोनेरी नक्षी स्टिकरसारखी वाटते. इथे हाताच्या घर्षणाने पुढच्या बाजूची नक्षी झिजून रुपेरी झाली होती, मागची मात्र सोनेरी. कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच जागी बसून काम केल्याची ही खूण, आणि ती बनवता येत नाही. बिडाच्या स्टँडला तडा नव्हता. तो असता तर मी तिथूनच परतले असते, कारण बिडाला जोड धड बसत नाही. टेबलाच्या एका फळीला भुंगा लागला होता. चामडी पट्टा तुटलेला.

किंमत अठरा हजार कुठून आली

आजोबांचा पुतण्या तिथेच होता. किंमत त्याची होती. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला: जुन्या सिंगरमध्ये रेड मर्क्युरी असतो, मोबाइल सुईजवळ नेला की रेंज जाते, अशी मशिनं लाखांत जातात. "मी तर अठराच सांगतोय," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला नाही. तो मनापासून बोलत होता. ही अफवा जुनी आहे. २००९ साली सौदी अरेबियात तिने कहर केला होता, लोकांनी जुन्या सिंगरना अवाच्या सवा पैसे मोजले आणि शेवटी पोलिसांना लक्ष घालावं लागलं. रेड मर्क्युरी नावाचा असा चमत्कारी पदार्थच नाही, आणि बिडाच्या नि पोलादाच्या या यंत्रात पाऱ्याचं काही कामही नाही. मी डोकं उलटं करून त्याला प्रत्येक दांडा, प्रत्येक कॅम दाखवला. "यात कुठे काय लपवणार, दाखवा मला." त्याने मोबाइल सुईजवळ नेला. रेंज होती तशीच राहिली.

आजोबा मधेच म्हणाले, "गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते, पण शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता." ते खरं आहे. १९२४ साली एका संभाषणात गांधीजींनी सिंगरच्या यंत्राचं नाव घेऊन ते म्हटलं होतं. अठरा हजारांचा विषय मात्र त्या वाक्यानंतर खोलीत पुन्हा निघाला नाही. शिक्षक माणूस बोलला की घर ऐकतं.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. मी एवढंच ठरवून आले की मिस्त्रीने बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. विकणाऱ्याला ते मान्य नसेल तर मशीन कितीही चांगलं असलं तरी सोडायचं. आजोबांनी लगेच मान्य केलं.

मिस्त्रीकाकांचा दिवस

पुढच्या गुरुवारी साताऱ्याच्या राजवाड्याजवळचे एक मिस्त्रीकाका भाचीच्या स्कूटरवर मागे बसून वाईला आले. येण्या-जाण्याचे आणि तपासणीचे चारशे ठरले होते. मशीन घेतलं नाही तरी हे चारशे जाणार, हे भाचीला मी आधीच सांगितलं होतं. अठरा काय नि पाच काय, हजारांत जाणाऱ्या वस्तूसाठी चारशे गेले तर ते वाया गेले असं मी कधी समजत नाही.

काकांनी सांध्यांत थेंबथेंब रॉकेल सोडलं आणि तासभर आजोबांशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. मग चाक हळूहळू मागे-पुढे. जोर अजिबात नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला चाक पूर्ण फिरलं. मळकट तपकिरी रस खाली कागदावर टपकत होता. पुतण्याने मदत म्हणून वरून पुसायला स्पिरिट आणलं, तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. वरची नक्षी लाखेच्या थराखाली असते आणि स्पिरिटने तो थरच विरघळतो. एका पुसण्यात शंभर वर्षांची वेलबुट्टी फडक्याला लागून येते.

त्यांनी बघितलेल्या गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या. सुईचा दांडा बोटांनी धरून हलवला, खडखड नाही. कापड पुढे सरकवणारे दाते टोकदार. सुईखालच्या पत्र्यावर सुई आपटल्याचे दोन ओरखडे, ते बारीक पॉलिश पेपरने जाण्यासारखे. डबीभोवतीच्या गोल शटलच्या टोकावर नख फिरवलं, गुळगुळीत. मग धागा न ओवता साध्या वहीच्या कागदावर वीत-दीड वीत रेघ मारली आणि कागद खिडकीकडे धरला. उजेडाची भोकं एका ओळीत, सारख्या अंतरावर. ही चाचणी मी माझ्या मुलींना नेहमी सांगते. धागा लबाडी करतो, कागद करत नाही.

धागा ओवल्यावर मात्र जुनीच तक्रार उभी राहिली. चार टिपा आणि खाली धाग्याचा गोळा. ताण बदलून बघितला, सुई बदलली, तरी तेच. पुतण्या म्हणाला, "म्हणूनच बंद होतं." मलाही वाटलं, आता सोडावं.

काकांनी डबी बाहेर काढली, उजेडात धरली, मशीनमधल्या जागेकडे बघितलं, पुन्हा डबीकडे बघितलं. "ही डबी याची नाही."

डबीला वर एक लहानसं बोट असतं. ते मशीनमधल्या खाचेत बसतं आणि डबीला जागच्या जागी धरून ठेवतं. घड्याळाच्या हिशेबाने या मशिनची खाच अकराच्या दिशेला, आणि हातातल्या डबीचं बोट एकच्या दिशेला. हल्लीच्या कितीतरी मशिनांच्या डब्यांचं बोट असं एककडेच असतं. जुनी डबी केव्हातरी हरवली असणार, दुकानातून दुसरी आणली असणार. बॉबीन तीच बसते, आकार तोच, म्हणून कुणाला शंका आली नाही. बोट खाचेत न बसल्यामुळे डबी धाग्याबरोबर फिरायची आणि गुंता व्हायचा. आजोबा बराच वेळ त्या डबीकडे बघत राहिले. "म्हणजे मशीन बरंच होतं," ते हळूच म्हणाले.

काकांच्या पिशवीत जुन्या डब्यांचा पत्र्याचा डबा होता. तिसरी डबी खट्कन बसली. वर लाल धागा, खाली पांढरा, दुहेरी सुती कापड. टीप पडली. वरून लालच, खालून पांढरीच, गाठ कापडाच्या पोटात. मग जीन्सच्या चार घड्या, तिथेही सुई अडली नाही. जॉर्जेटवर मात्र थोडं आकसलं. ते सुई बारीक घालून नि पायाचा दाब कमी करून सुधारतं.

हिशेब

पुढचं मी आणि भाचीने वाड्याच्या ओसरीवर बसून कागदावर मांडलं. स्टँडसकट नवं, सरळ टिपेचं काळं मशीन साताऱ्यात साडेआठ हजारांच्या आसपास मिळत होतं. त्याला वर्षाची हमी असते, आणि चांगलं असेल तर उलट टीपही असते. वाईच्या मशिनला उलट टीप नाही, टिपेचं टोक पक्कं करायला कापड फिरवून घ्यावं लागतं. म्हणजे कामाच्या हिशेबाने जुन्याची किंमत नव्याच्या वर जाऊच शकत नाही. त्यात दुरुस्ती: पट्टा, डबी, बॉबीन भरायच्या चाकाची रबरी रिंग, टेबलाची फळी, मजुरी, मिळून सुमारे अठराशे. टेंपोचं भाडं सातशे.

दुसऱ्या टोकाला भंगारवाल्याने पुतण्याला अकराशे सांगितले होते, हे आजोबांनीच मोकळेपणी सांगितलं. म्हणजे भाव अकराशे आणि साडेआठ हजार यांच्या मधला. दुरुस्ती आणि भाडं वजा करून मी भाचीला सहा हजारांची हद्द घालून दिली. त्याच्या वर गेलं तर नवं घे, मनात खंत ठेवू नकोस.

प्लास्टिकच्या अंगाचं, विजेवरचं झिगझॅग मशीनही तिच्या बजेटमध्ये येत होतं. पिको घरी झाला असता. मी त्याच्या विरोधात नाही. पण दिवसाला चार-पाच ब्लाउज शिवायचे, अस्तर लावायचं, जाड काठ शिवायचे, तर हलक्या मशिनच्या आतल्या चाकांचे दाते लवकर झिजतात. माझ्या वर्गात अशी दोन मशिनं तीन वर्षांत बसली. शिवाय आमच्या भागात पिको करणारी बाई हाकेच्या अंतरावर सापडते, तिला साडीमागे ठरलेले पैसे द्यायचे आणि आपण फॉल लावायचा. ब्लाउज मात्र कुणी दुसऱ्याकडून शिवून घेऊन विकत नाही. ज्या कामावर घर चालणार, ते काम ज्या मशिनवर चांगलं होईल ते घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. भाची महिन्याला शंभर साड्यांचा पिको करणार असती, तर मी तिला वाईला पाऊलही टाकू दिलं नसतं.

भाव करायला भाचीच बसली. मी मुद्दाम खाली अंगणात गेले. पाच हजार दोनशेला ठरलं. पुतण्याला सात हवे होते. आजोबा म्हणाले, "शिवणारीला द्यायचं, दिवाणखान्यात ठेवणारीला नाही." पुण्याचा एक हॉटेलवाला फक्त स्टँडसाठी मागून गेला होता, वर काच टाकून टेबल करायला. आजोबांनी त्याला नाही म्हटलं होतं.

ड्रॉवर रिकामे करताना पितळी अंगुस्तान, बटणांचा डबा आणि मापांची वही निघाली. वहीत गावातल्या बायकांची मापं होती, छाती, कंबर, बाही, आणि काही नावांसमोर 'पैसे घ्यायचे नाहीत' असं लिहिलेलं. वही आजोबांनी ठेवून घेतली. अंगुस्तान भाचीच्या हातात दिलं.

त्यानंतर

मशीन साताऱ्याला आलं त्याला आता चार महिने झाले. पहिल्या महिन्यात दोनदा पट्टा घसरला, कारण नवा चामडी पट्टा ताणून सैल होतो आणि तो कापून पुन्हा जोडावा लागतो. रबरी रिंग मिळाली ती जाड निघाली, ती बदलावी लागली. रोज सकाळी दोन थेंब मशिनचं तेल, आणि खोबरेलाची बाटली मशिनच्या खोलीत आणायचीच नाही, हा भाचीने घरात केलेला नियम. पिको अजून बाहेर देते. दिवाळीनंतर जुनं झिगझॅग बघायचं म्हणते, तेव्हाही मिस्त्रीकाकांना नेणार आहे.

मार्चमध्ये ती आजोबांना भेटायला गेली, त्याच मशिनवर शिवलेले दोन उशांचे अभ्रे घेऊन. आजोबांनी चष्मा लावला, अभ्रा उलटा केला, टिपेवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "खालचा धागा थोडा घट्ट आहे गं."

होताच. घरी आल्यावर तिने डबीचा स्क्रू पाव फेरा सैल केला.